कैनाडची श्वेतपत्रिका

१

योजना कचेरीचा शिपाई सकाळी कोठीची खोली झाडायला गेला तेव्हा दाराचा कोयंडा उपटलेला होता आणि बंद कुलूप त्याला तसंच लटकत होतं. आत श्वेतपत्रिकांचे गठ्ठे ठेवलेले असायचे. आता तिथे सुतळीचे तुकडे आणि पालींची लेंडकं एवढंच उरलं होतं. मागच्या आवारात चिकूच्या झाडाखाली राखेचा ढीग होता आणि त्यावर अर्धं जळालेलं एक मुखपृष्ठ पडलं होतं. सुनावणी परवावर आली होती.

बासष्ट सालच्या मे महिन्यातली ही गोष्ट. कैनाडच्या वरच्या अंगाला ओढ्यावर बांध घालायची एक योजना निघाली होती आणि तिच्यासाठी डहाणूत एका इराण्याच्या चिकूवाडीतला बंगला भाड्याने घेऊन कचेरी थाटली होती. बांधाच्या पाण्याखाली कैनाडकडचे काही पाडे जायचे होते. एखादी गोष्ट करायचं सरकारचं आधीच ठरलेलं असलं की ती लोकांच्याच कशी भल्याची आहे हे पटवायला जे पुस्तक काढतात त्याला श्वेतपत्रिका म्हणतात. या योजनेचीही निघाली होती. पाने चाळीस, कागद गुळगुळीत, छपाई मुंबईची, आणि प्रती दोन हजार. ज्या पाड्यांसाठी ती होती तिथे वाचता येणारी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी होती. पण छापायचा आकडा ठरवताना हा विचार कोणी करत नाही.

नियम मात्र कडक होता. पाडे उठवण्याआधी प्रांतसाहेबांनी लोकांचं म्हणणं ऐकून घ्यायचं ती सुनावणी, आणि तिच्या महिनाभर आधी प्रत्येक पाड्यावर श्वेतपत्रिका पोचली पाहिजे. पोचली नाही तर सुनावणी धरायची नाही. आणि आताची सुनावणी हुकली तर पुढची थेट दिवाळीनंतर, कारण पावसाळ्यात पाड्यांवर कोणी साहेब जात नाही आणि एकदा भात लावलं की कापणीपर्यंत कोणाला उठवता येत नाही. पाड्यावरच्या लोकांना एवढंच हवं होतं, निदान एक पावसाळा. ठाण्याचा एक वकील त्यांची बाजू मांडायला तयार झाला होता, पण कागद जमवायला त्याला वेळ लागणार होता.

तपासाला फौजदार दत्तात्रय सावे आले. चिंचणीचे राहणारे, अंगाने जाड, बोलायला सावकाश. समोरच्याचं बोलणं संपलं तरी हे गप्प बसून राहत, त्यामुळे समोरचा कसनुसा होऊन आणखी थोडं बोले, आणि ते थोडंच बहुतेक वेळा कामाचं निघे. श्वेतपत्रिका त्यांनी स्वतः वाचली होती. वाचून त्यांना बांध पटलाही होता.

कचेरीचे मुख्य कारकून मधुकर दवणे यांनी तक्रार सांगितली. प्रती महिनाभरापूर्वी सगळ्या पाड्यांवर वाटून झाल्या होत्या, उरलेल्या कोठीत होत्या. कैनाडच्या हाल्या वरठाने पाड्यापाड्यावरून वाटलेल्या प्रती गोळा केल्या, रात्री येऊन कोठी फोडली आणि सगळं जाळलं. हाल्याच का, तर गेल्या बैठकीत त्यानेच उठून सांगितलं होतं की तुमचे कागद आमच्याकडे आणू नका. दवणे हे सगळं एका दमात बोलले. सावे गप्प राहिले, पण दवण्यांनी पुढे काही भर घातली नाही, नुसता रुमालाने मानेवरचा घाम पुसला.

दुपारपर्यंत हवालदार कैनाडला जाऊन आला. हाल्याच्या झोपडीत, चुलीवरच्या माळ्यावर, श्वेतपत्रिकेची सुटी पानं सापडली होती. हवालदाराने पानांबरोबर हाल्यालाही आणलं.

२

हाल्या पन्नाशीचा, वाळक्या अंगाचा माणूस. त्याने चोरी कबूलही केली नाही आणि नाकारतानाही फार शब्द खर्चले नाहीत. आपण त्या रात्री पाड्यावर होतो, असं त्याने सांगितलं. साक्षीला कोण, तर पाडा. पाड्याची साक्ष कोण धरणार हे त्यालाही माहीत होतं. त्याने एकच गोष्ट विचारली, की परवाच्या आत आपल्याला सोडतील का. पाड्याच्या वतीने बोलणारा तोच होता. तो कोठडीत असला तर सुनावणीला बाकीचे येतील, ओळीने बसतील आणि न बोलता उठून जातील.

संध्याकाळी त्याची बायको धाकली कैनाडहून चालत आली. तिला आधी चौकीच्या दारातच थांबवून ठेवलं होतं. सावे बाहेर आले तेव्हा ती पायरीवर बसून होती. तिने सांगितलं की ती पानं आगोटीच्या बोंबलाबरोबर आली. पावसाळ्यात मासे मिळत नाहीत म्हणून उन्हाळ्यातच सुकं मावरं भरून ठेवतात ती आगोट. वरोरची सोनूबाई कोळीण दरसाल टोपली घेऊन वर चढते, बोंबील देते आणि बदली भात नेते. ह्या साली तिने बोंबील पानात न बांधता कागदात बांधून दिले होते. कागद जाड, म्हणून धाकलीने ठेवून दिला.

“आमच्याच घरात नाय, सायेब,” धाकली म्हणाली. “पाड्यावर घरोघर हाय तो कागद. कोणी कुडाच्या भोकांत कोंबला, कोणी बियाण्यावर घातला. हवालदार आमच्याच घरात शिरला.”

हवालदार हसला. चोरलेले कागद कोळणींना वाटून मोकळे झाले असतील, असं तो म्हणाला. सावे हसले नाहीत. त्यांनी पानं नाकाशी नेली. बोंबलाचा वास होता आणि तेलकट डागही होते. कडा धुराने पिवळ्या झाल्या होत्या. एका रात्रीत कागद इतका पिवळा होईल का, हे त्यांना नक्की सांगता येईना. चुलीचा धूर किती, माळा किती उंच, यावरून प्रांतसाहेबांपुढे वाद घालता आला नसता. याहून भक्कम काहीतरी हवं होतं.

कचेरीच्या बंगल्यातच मागच्या खोलीत अनंत पोतनीस राहत. श्वेतपत्रिका लिहिली ती यांनी. प्रसिद्धी खात्यातले, पुण्याचे, चाळिशीच्या आतबाहेर. मुंबईत बसून पुस्तक लिहून झाल्यावर खात्याने त्यांना ते लोकांना समजावून सांगायला फेब्रुवारीपासून इथे पाठवलं होतं. समजावून घ्यायला कोणी येत नसे. पोतनीस शेजारच्या खानावळीत वरणभात जेवत, लांब फिरायला जात आणि खोलीत दिवा लावून बसत.

सावे त्यांच्याकडे गेले तेव्हा त्यांनी खुंटीवरची खादीची पिशवी काढून खुर्ची मोकळी करून दिली. खोलीत सुक्या बोंबलाचा वास होता, पण डहाणूत त्या वासाकडे कोण लक्ष देतो? सावेंनीही दिलं नाही. त्यांनी हाल्याबद्दल विचारलं. पोतनीस लगेच म्हणाले की हाल्याने हे केलेलं नाही.

सावे गप्प राहिले.

पोतनीसांना गप्प राहवलं नाही. “मी त्याच्या घरी तीन दिवस राहिलो आहे,” ते म्हणाले. “मार्चच्या सुरुवातीला. पुस्तक छापून आल्यानंतर मी पहिल्यांदा ती जमीन पाहिली, फौजदारसाहेब. छापून आल्यानंतर.”

एवढं बोलून ते खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. सावेंना त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. पण वाईट वाटणं हा काही पुरावा नव्हे, म्हणून ते उठले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वरोरला जायचं त्यांनी ठरवलं.

३

वरोरला पोचल्यावर सावेंना पहिल्यांदा चुकल्यासारखं झालं. मे महिना म्हणजे तिथे बांबूच्या वळ्यांवर बोंबील दाटीवाटीने लटकत असतात आणि माणसाला वाट काढताना डोकं वाकवावं लागतं. त्या दिवशी वळ्या मोकळ्या होत्या. होड्या वर ओढून ठेवल्या होत्या. जाळी घड्या घालून सावलीत पडली होती. बायका दारांत बसल्या होत्या आणि एकीच्याही हातात काम नव्हतं.

सोनूबाई घराच्या ओसरीवर बसली होती. तिच्या अंगावर पांढरं लुगडं होतं. सावे तिला पूर्वी बाजारात बघत आले होते. मोठ्या आवाजाची, मापात हात न आखडणारी बाई. आज तिचा आवाज निम्मासुद्धा उरला नव्हता. तिचा मुलगा मोरू पाडव्याच्या आधी दर्यात गेला तो आला नाही. होडी सापडली, मोरू सापडला नाही.

सावेंनी आल्या कामाचा विषय लगेच काढला नाही.  आधी त्यांनी विचारलं की गाव असं का थांबलंय.

शेजारच्या पुतळीने सांगितलं. दर्यात गेलेला माणूस सापडला नाही की वरोरचं गाव त्याची वाट बघतं. तीन अमावास्या उलटेपर्यंत होडी पाण्यात लोटायची नाही, वळीवर मावरं घालायचं नाही आणि गावातल्या कोणत्याही बाईने टोपली डोक्यावर घ्यायची नाही. कारण माणूस अजून दर्याच्या हातात आहे, आणि तोवर दर्याचं काही विकणं म्हणजे त्याच्याशी सौदा केल्यासारखं होतं. तिसरी अमावास्या अजून उलटायची होती. पोटाला चिमटा बसतो, पण गाव मोडत नाही.

“म्हणजे पाडव्यापासून इथून एकही टोपली बाहेर गेली नाही?” सावेंनी विचारलं.

“नाय. घरात हाय ते सुद्धा विकलं नाय.” पुतळीने आतल्या कोपऱ्यात झाकून ठेवलेले टोपले दाखवले. त्यांच्यावर श्वेतपत्रिकेची कोरी करकरीत पानं पसरलेली होती.

सावे उठून उभे राहिले. पाडव्याला महिना उलटून गेला होता. सोनूबाई कैनाडला गेली ती त्याच्याही आधी, मुलगा जिवंत होता तेव्हा. मग तिच्या बोंबलांचा कागद परवाच्या चोरीतला असणार कसा? कचेरीतून तो निदान महिनाभर आधी बाहेर पडलेला होता, आणि तेव्हा कोठीचं कुलूप शाबूत होतं. दवणे म्हणतात तशी चोरी परवा झालीच नव्हती.

कागद कोणी दिला ते त्यांनी सोनूबाईला विचारलं. ती मान खाली घालून बसली. तिने शब्द दिला होता. मोरू असताना दिलेला शब्द आता मोडणार नाही, असं ती म्हणाली. एवढंच सांगितलं की देणाऱ्याने बदली काही घेतलं नाही. तिने चार बोंबील घ्या म्हणून जबरदस्तीने त्याच्या पिशवीत कोंबले, तेही तो नको नको म्हणत होता.

४

परत आल्याबरोबर सावेंनी आवारातला राखेचा ढीग काठीने उकरला. हे आदल्याच दिवशी करायला हवं होतं. वरच्या थरात श्वेतपत्रिकेचं ते अर्धं मुखपृष्ठ आणि दोनचार पानं होती. खाली चिकूचा पालापाचोळा, नारळाच्या झावळ्या आणि कचेरीची जुनी परिपत्रकं. दोन हजार प्रती इथे जळल्या नव्हत्या. दोन हजार जाऊ द्या, वीसही नाहीत. दाबून बांधलेला कागदाचा गठ्ठा नुसत्या काडीने जळतही नाही. त्याच्या कडा करपतात आणि पोट तसंच राहतं. अशी पोटं तिथे ढिगाने पडलेली दिसली असती.

दवण्यांना त्यांनी तिथेच बोलावून घेतलं, राख दाखवली आणि ते पुन्हा गप्प राहिले. या वेळी दवण्यांची पाचावर धारण बसली.

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं. प्रती वाटल्याच नव्हत्या. आधी गाडी मिळेना, मग ऊन वाढलं, मग वाटलं की वाचता कोणाला येतंय, सुनावणीच्या दिवशी दारात गठ्ठा ठेवला की झालं. वाटल्याचा शेरा मात्र त्यांनी वर कळवून टाकला होता. सुनावणीच्या तयारीसाठी ते कोठीत गेले. पुढची रांग जागच्या जागी होती. एक गठ्ठा ओढला, तर त्याच्या मागे काही नाही. रांगेमागची सगळी खोली रिकामी होती. आता वाटल्या म्हणावं तर पाड्यावर एक प्रत नाही, आणि नाही वाटल्या म्हणावं तर प्रती कुठे? नोकरी जाणार हे त्यांना दिसलं. मग त्यांनी पुढच्या रांगेतले उरलेले गठ्ठे आपल्या घरी नेऊन ठेवले, चार पानं जाळली, कोयंडा उपटला आणि हाल्याचं नाव घेतलं. तो आधीच विरोधात बोलला होता, त्यामुळे कोणी दोनदा विचारणार नाही, असा त्यांचा हिशोब होता.

“माझ्या घरात पाच माणसं आहेत, सावेसाहेब,” दवणे म्हणाले.

“त्याच्याही असतील,” सावे म्हणाले.

त्यांना संताप आला होता, आणि तो दवण्यांवर जेवढा होता तेवढाच स्वतःवरही. हाल्याचं नाव घेतल्यावर त्यांनीही दोनदा विचारलं नव्हतं.

पण मागची खोली रिकामी कोणी केली? दवण्यांनी नव्हे. ते डहाणूचेच, बोंबील घरात जीव की प्राण. मिळालेले बोंबील ते नको म्हणणार नाहीत. शिवाय रद्दी फुकट देणारा माणूसही ते नव्हेत. ज्याने हे केलं त्याच्याकडे कोठीची किल्ली होती, त्याला मोबदला नको होता, बोंबील हातात धरवत नव्हते, आणि तरी ते त्याच्या पिशवीत होते. किल्ल्या दोनच होत्या. एक दवण्यांकडे. दुसरी कोणाकडे हे विचारायच्या आधीच सावेंना मागच्या खोलीतला वास आठवला. वरणभात खाणाऱ्या माणसाच्या खोलीला बोंबलाचा वास का यावा, हा प्रश्न त्यांना काल पडायला हवा होता.

५

पोतनीसांनी दार उघडलं आणि सावेंच्या चेहऱ्याकडे बघून ते बाजूला झाले. सावेंनी पिशवी हातात घेतली, उलटी करून झटकली. तळातून बोंबलाचा चुरा पडला.

“बरेच दिवस मी वाट बघत होतो कोणीतरी येईल म्हणून,” पोतनीस म्हणाले. “हाल्याला धरलं तेव्हाच मी बोलायला हवं होतं. घाबरलो.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. खात्यात त्यांनी बारा वर्षं असली पुस्तकं लिहिली होती. ती कोणी वाचत नाही हे त्यांना ठाऊक होतं. मुंबईला खात्याच्या तळघरातून ती गाडीगाडीने रद्दीत जाताना ते बघत आले होते आणि त्याचं त्यांना दुःखही वाटत नसे. उलट बरं वाटे, कारण न वाचलेल्या पुस्तकाने कोणाचं वाईट होत नाही. ह्या वेळी त्यांना समजलं की तसं नसतं. पाड्यावरच्या कोणी वाचायची गरजच नव्हती. ते पुस्तक एका प्रांतसाहेबाने वाचलं, एका मंत्र्याने वाचलं, एका फौजदाराने वाचलं, की काम झालं. पाड्यावर नुसतं पोचायला हवं होतं.

तेव्हा त्यांनी ठरवलं की पोचू द्यायचं नाही. रोज फिरायला जाताना ते पिशवीत गठ्ठा घेत. शिवण उसवून पानं सुटी करत आणि वरोरच्या वाटेवर सोनूबाईला देत. जाळायला हात धजला नाही. माशाच्या कागदाकडे कोणी बघत नाही, म्हणून ती जागा त्यांना सगळ्यात सुरक्षित वाटली. ती ते मासे घेऊन नेमकी कैनाडलाच जाते हे त्यांना माहीत नव्हतं. पुण्याच्या माणसाला आगोट कुठून माहीत असणार?

सावेंना हसूही आलं आणि रागही. त्यांनी पोतनीसांना सांगितलं की चला, हाल्याला आधी सोडवू. जे घडलं ते सगळं घडलं तसं लिहून द्या. सरकारी कागद परस्पर वाटले म्हणून फार तर बदली होईल, एखादी पगारवाढ थांबेल.

“चालेल,” पोतनीस म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडा रंग आला. खरं बोलून सुटका होणार याचा तो आनंद होता. पण बंगल्यापासून चौकीपर्यंत चालता चालता तो हळूहळू उतरत गेला.

६

कोठडीच्या गजांबाहेर धाकली बसली होती. सावेंनी हाल्याला सांगितलं की चोर सापडला, तू सुटलास. हाल्याने पोतनीसांकडे पाहिलं, पण काही विचारलं नाही. त्याने विचारलं ते वेगळंच.

“मग उद्याचं काय? सुनावणी होईल का नाय?”

सावे बोलणार होते की कागद वाटलेच नाहीत तर सुनावणी कसली. पोतनीसांनी त्यांना हाताने थांबवलं.

“होईल,” ते म्हणाले. “हाल्या, तुझ्या घरातले कागद परवाच्या चोरीच्या आधीचे आहेत हे फौजदारसाहेब कशावरून सांगणार? तर ते पाडव्याच्या आधी मासळीबरोबर पाड्यावर आले यावरून. म्हणजे श्वेतपत्रिका महिनाभर आधी घरोघर पोचली. नियमात पोचली पाहिजे एवढंच आहे. कशी पोचावी हे लिहिलेलं नाही. प्रांतसाहेब हेच म्हणतील. मी त्यांच्या जागी असतो तर मीही हेच लिहिलं असतं. चांगलं लिहिता येईल असं आहे ते.”

 सावेंच्या ध्यानात आलं की आपण दिवसभर राबून जो पुरावा उभा केला तोच ह्या माणसाच्या घरावर पाणी सोडणार आहे. हाल्या सुटला की पाडा बुडतो. 

हाल्याने धाकलीकडे पाहिलं. धाकलीने मान हलवली नाही, पण नजरही काढली नाही. मग तो सावेंना म्हणाला, “सायेब, मासळीचं नाव काढू नका. मीच चोरलं, वाटायच्या आधी चोरलं, आन सगळं जाळलं, असं लिवा. मी अंगठा देतो.”

“खोटं आहे ते,” सावे म्हणाले.

“भात कापून होईल ना त्यात,” हाल्या म्हणाला.

पोतनीस भिंतीला टेकून उभे होते. बारा वर्षांत त्यांनी लिहिलेल्या कुठल्याही कागदासाठी त्यांना काही मोजावं लागलं नव्हतं, आणि इथे एक माणूस न लिहिलेल्या कागदाखाली अंगठा द्यायला तयार होता. त्यांनी हवालदाराच्या टेबलावरून एक कोरा कागद ओढला.

लिहायला त्यांना फार वेळ लागला नाही. त्यांनी लिहिलं की प्रती वाटपापूर्वीच आपण कोठीतून हलवल्या आणि समुद्रावर नेऊन जाळल्या. एकही प्रत कोणत्याही पाड्यावर गेली नाही. हाल्या वरठाच्या घरातली सुटी पानं आपण तिथे राहत असताना कुडाची भोकं बुजवायला आपल्याच हाताने दिली. पुढे त्यांनी सही केली. कागद वाटले असं लिहिलं असतं तर बदली होती. जाळले असं लिहिल्याने तुरुंग होता. हे त्यांना सावेंपेक्षा जास्त चांगलं माहीत होतं.

सावेंनी कागद वाचला. एकच पान होतं. एकही विशेषण नव्हतं. वाचणाऱ्याला शंका यावी अशी एक जागा त्यात नव्हती, आणि त्यातलं जे महत्त्वाचं होतं तेच खोटं होतं. आपण काय करतो आहोत हे त्यांना पुरतं कळत होतं. त्यांनी कागदाची घडी घातली, खिशात ठेवली आणि हवालदाराला कोठडी उघडायला सांगितलं.

दवण्यांकडून त्यांनी त्याच संध्याकाळी लिहून घेतलं की वाटप झालं नव्हतं आणि कोयंडा आपणच उपटला. घरात दडवलेले गठ्ठेही ते आणून देऊन गेले. खोट्या फिर्यादीच्या खटल्यापेक्षा त्यांना ते परवडलं. वरोरच्या टोपल्यांवरच्या पानांबद्दल सावेंनी कोणाला काही सांगितलं नाही, आणि सोनूबाईचा शब्दही तसाच राहिला.

प्रांतसाहेबांनी दोन्ही जबाब वाचले आणि सुनावणी दिवाळीनंतर ढकलली. श्वेतपत्रिका नव्याने छापावी, ह्या वेळी पाच हजार प्रती छापाव्यात, असाही हुकूम त्यांनी दिला.

७

पोतनीसांना ठाण्याला नेण्यासाठी हवालदार स्टेशनवर घेऊन गेला. सावे सोडायला आले होते. त्यांचं तिथे काही काम नव्हतं. गाडी यायला अवकाश होता, फलाटावर दुपारचं ऊन पडलं होतं आणि पोतनीस बाकावर मांडीवर हात ठेवून बसले होते.

फलाटाच्या टोकाकडून हाल्या आणि धाकली येताना दिसले. ते कैनाडहून चालत आले होते. हाल्या बाकासमोर येऊन खाली उकिडवा बसला. आभार मानायची त्याची रीत नव्हती आणि पोतनीसांचीही अपेक्षा नव्हती. 

“सायेब,” तो म्हणाला, “त्या कागदात होतं काय?”

पोतनीसांनी सावेंकडे पाहिलं. सावेंनी नजर दुसरीकडे वळवली. पुस्तकाची प्रत जवळ नव्हती, पण लिहिणाऱ्याला ती लागत नाही. पोतनीसांनी डोळे मिटले आणि पहिल्या पानावरचं म्हणून दाखवलं.

“कैनाडच्या वरच्या अंगाची भूमी खडकाळ व पडीक आहे. पिढ्यान्‌पिढ्या तिच्याशी झुंजणाऱ्या तेथील भोळ्या वनवासी बांधवांच्या पदरी तिने केवळ उपास टाकले. आज शासन त्यांच्या दारी पाणी घेऊन उभे आहे. घर सोडताना डोळे ओलावतील. परंतु उद्या त्यांची मुले याच क्षणाला आपला उदयकाल म्हणतील.”

हाल्याने मध्येच एकदा पडीक म्हणजे काय ते विचारलं. जिथे कोणी काही पिकवत नाही ती, असं पोतनीसांनी सांगितलं. हाल्याने मान डोलावली आणि पुढचं ऐकलं.  मग गुडघ्यांवर हात ठेवून उठला.

“गोड लिवलंय,” तो म्हणाला. “मी तिथला नसतो तर मना पण पटलं असतं.”